जुना रोटाव्हेटर घ्यावा की न घ्यावा?

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या दिवाळीत सोयाबीन विकून घरात थोडे पैसे आले आणि आमच्या आबांच्या मनात एक विचार घोळू लागला. शेजारच्या गावातील एका शेतकऱ्याने आपला पाच फुटी रोटाव्हेटर विकायला काढला होता. किंमत ६०,००० रुपये. नवा घ्यायचा तर लाखाच्या घरात जाणार. "दरसाल भाड्यापायी पैसे जातात, त्यापेक्षा घरचाच असलेला बरा," असे आबांचे म्हणणे. पण माझी व धाकट्या भावाची फी आणि वसतिगृहाचा खर्चही त्याच पैशातून व्हायचा होता. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. आबा म्हणाले, "तू अर्थशास्त्र शिकतेस ना? मग तूच सांग, घ्यावा का?" उत्तर शोधताना जे कळले, ते माझ्यासारख्याच शेतकरी घरांतून आलेल्या मित्रमैत्रिणींसाठी येथे लिहीत आहे.

प्रथम या यंत्राची थोडी ओळख. १९१२ साली ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने वडिलांच्या शेतावर इंजिनाच्या बळावर फिरणाऱ्या पात्यांनी जमीन भुसभुशीत करण्याचा प्रयोग केला. तेव्हा त्याचे वय अवघे १९, म्हणजे माझ्याएवढेच! सुरुवातीला माती बाजूला उडून पडे. मग त्याने इंग्रजी 'एल' अक्षरासारखी वाकवलेली पाती बसवली आणि काम साधले. आजच्या रोटाव्हेटरची पातीही त्याच वळणाची असतात. गंमत म्हणजे या यंत्राचे इंग्रजी स्पेलिंग उलटीकडून वाचले तरी तेच राहते.

ट्रॅक्टरच्या मागील पी.टी.ओ. शाफ्ट मिनिटाला साधारण ५४० फेरे घेतो. ती गती मधल्या गिअरबॉक्समध्ये व तेथून बाजूच्या गिअरद्वारे किंवा साखळीद्वारे खालच्या रोटरला मिळते. रोटरवरील चकत्यांना पाती बोल्टने कसलेली असतात. पाच फुटी यंत्रावर ती बहुधा ३६ असतात. म्हणजे सगळी मदार गिअर, बेअरिंग आणि पाती यांवर. जुने यंत्र घेताना रंगाकडे न पाहता या तिघांकडे पाहावे. दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते!

पहिला प्रश्न ट्रॅक्टरचा. पाच फुटी रोटाव्हेटरला साधारण ४० ते ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो. लहान ट्रॅक्टरला मोठे यंत्र जोडले तर इंजिन दमते व डिझेल जास्त जळते. आमच्या तात्यांचा ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा असल्याने ती अडचण नव्हती.

दुसरा प्रश्न यंत्राच्या प्रकृतीचा. आम्ही गावातल्या मिस्त्रींना सोबत नेले. ट्रॅक्टर बंद करून त्यांनी रोटर हातांनी वर-खाली हलवून पाहिला. तो हलला, म्हणजे बेअरिंग झिजलेले. नंतर गिअरबॉक्सचे तेल बोटावर घेतले. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले असे समजावे. त्यात लोखंडाचा चुरा चमकला तर गिअर खराब होत आहेत. गिअरबॉक्सच्या कडेला वेल्डिंगचा जुना सांधा होता, त्यावर नवा रंग फासलेला. पाती तर निम्मी झिजून अरुंद झाली होती. शेवटी यंत्र जमिनीपासून थोडे उचलून चालवले, तेव्हा खडखड ऐकू आली. मालक म्हणाले, "नुसते ऑईल सील बदला, झाले काम." मिस्त्रींनी दुरुस्तीचा अंदाज काढला तो १५,००० रुपयांचा. फिरणाऱ्या शाफ्टवरचे संरक्षक आवरणही नव्हते. त्यात धोतराचा सोगा किंवा ओढणी अडकली तर जिवावर बेतते, म्हणून तेही अवश्य पाहावे.

तिसरा प्रश्न हिशेबाचा. आमची जमीन सहा एकर. वर्षातून दोनदा रोटाव्हेटर फिरवायचा म्हणजे १२ एकरांचे काम. आमच्याकडे भाडे एकरी १,४०० रुपये, म्हणजे वर्षाला १६,८०० रुपये. घरचे यंत्र असले तरी डिझेल व ट्रॅक्टरची झीज मिळून एकरी ५०० रुपये लागणारच. मग वाचले एकरी ९००, वर्षाला १०,८००. यंत्राची किंमत दुरुस्तीसह ७५,०००. ती वसूल व्हायला जवळजवळ सात वर्षे! सात वर्षे ते जुने यंत्र नव्या खर्चाशिवाय चालेल काय? वर्गात शिकलेला 'घसारा' हा शब्द मला त्या दिवशी खरा समजला. याउलट ज्याच्याकडे स्वतःचे व भाड्याचे मिळून वर्षाला ४० एकरांचे काम आहे, त्याचे तेच पैसे दोन-सव्वादोन वर्षांत निघतात. तेव्हा तेच यंत्र एकाला महाग, तर दुसऱ्याला स्वस्त ठरू शकते.

आणखी दोन गोष्टी. कृषी यांत्रिकीकरण योजनेचे अनुदान नव्या अवजाराला मिळते, जुन्याला नाही. म्हणून दोन्हींची तुलना करताना अनुदान वजा करून नव्याची किंमत धरावी. दुसरे म्हणजे रोटाव्हेटर जमिनीत काही इंचच जातो. वर्षानुवर्षे तोच फिरवला तर खाली कडक थर बनतो आणि पाणी मुरत नाही. म्हणून अधूनमधून खोल नांगरणी हवीच, आणि ओल्या रानात तो घालू नये. वाफसा येऊ द्यावा.

मी हिशेबाची वही आबांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचून घेतली. मालक ५५,००० च्या खाली येईनात, तेव्हा आबा उठले. परतीच्या वाटेवर ते बराच वेळ गप्प होते. घरचे यंत्र असावे ही त्यांची कित्येक वर्षांची हौस मला ठाऊक होती आणि माझ्याच आकड्यांनी ती मोडली, याचे वाईट वाटत होते. घराजवळ आल्यावर ते एवढेच म्हणाले, "यंदा भाड्यानेच करू. तात्याशी बोलतो, दोघांत मिळून नवा घेता येतो का ते बघू."

तात्यांची पाच एकर धरली तर काम २२ एकरांवर जाते. तो हिशेब मी आता मांडायला घेतला आहे.