दुसरा मल्ल कोण?

पहिला मल्ल कोण, या प्रश्नावरून भांडण फार काळ टिकत नाहीं. ज्याची पाठ मातीला लागली नाहीं आणि ज्यानें इतरांच्या पाठी मातीला लावल्या, तो पहिला. एवढें म्हटलें कीं वाद मिटतो. खरा वाद पेटतो तो त्याच्या खालच्या जागेवरून. वसईच्या होळीवर सायंकाळीं चार माणसें जमोत, गिरगांवच्या चाळींत जमोत, किंवा कोल्हापूरच्या एखाद्या तालमीच्या पायरीवर जमोत, कुस्तीचा विषय निघाला कीं "तो तर पहिलाच, पण त्याच्या मागून कोण?" हा प्रश्न आल्यावांचून राहत नाहीं. मग आवाज चढतात, पुढ्यांतला चहा निवून जातो, जुन्या मैदानांच्या आठवणी पुराव्यादाखल पुढें येतात, आणि शेवटीं प्रत्येकजण आपलें मत जसेंच्या तसें घेऊन घरीं जातो.

सुशिक्षित घरांत या वादाकडे पोरखेळ म्हणून पाहण्याची रीत आहे. "कोणी कां दुसरा असेना, आपल्याला काय त्याचें?" असें वडील मंडळी म्हणतात. परंतु ज्याच्या जागेविषयीं हा वाद चालतो त्या मल्लाला तो पोरखेळ वाटत नाहीं. कारण त्याच्या खुराकाचा, इनामाचा आणि उतारवयांतील पोटाचा हिशेब त्या जागेशीं बांधलेला असतो. म्हणून दुसरा क्रमांक कोणत्या मापानें ठरतो, तें माप कितपत खरें, आणि एकच मल्ल एका मापानें दुसरा व दुसऱ्या मापानें चौथा कसा ठरतो, हें एकदां शांतपणें पाहणें इष्ट आहे.

महाराष्ट्रांत गांवोगांवच्या जत्रांना आणि उरुसांना कुस्त्यांचीं मैदानें भरतात. मैदानाची जी जाहिरात छापली जाते तींत "एक नंबरची कुस्ती", "दोन नंबरची कुस्ती", "तीन नंबरची कुस्ती" असा उतरता क्रम दिलेला असतो, आणि प्रत्येक जोडीपुढें इनामाची रक्कम असते. मैदानांत क्रम उलटा चालतो. दुपारीं लहान मुलांच्या कुस्त्या होतात, मग तरण्या पोरांच्या, आणि दिवस कलतांना हलगीच्या कडकडाटांत वरच्या क्रमांकाच्या जोडी आखाड्यांत उतरतात. एक नंबरच्या व दोन नंबरच्या इनामांत पुष्कळ अंतर असतें, आणि दोन व तीन यांतही असतें. मल्लाला रोज दूध, तूप, बदाम लागतात. त्याच्या ऐन उमेदीचीं वर्षें मोजकीं असतात. एक हात निखळला कीं सारा हंगाम बुडतो. अशा माणसाला जाहिरातींतील एक ओळ वर किंवा खालीं म्हणजे काय, हें सांगावयास नको.

ती ओळ ठरवितात यात्रेचे पंच आणि जाणते वस्ताद. ते ज्या गोष्टी मनांत आणतात त्यांचीं तीन मापें सांगतां येतील. पहिलें माप जयाचें : या मल्लानें कोणाला चीतपट केलें? दुसरें माप गर्दीचें : त्याला पाहावयास किती लोक येतील? तिसरें माप कसाचें : पहिल्यापुढें उभा केला असतां पहिल्याला खरा घाम फोडील कोण? वाद करणारे बहुधा हीं तिन्ही मापें एकमेकांत मिसळतात. एकजण जय मोजीत असतो, दुसरा गर्दी मोजीत असतो, आणि दोघांनाही वाटतें कीं समोरच्याला कुस्ती कळत नाहीं.

जयाचें माप सर्वांत सरळ वाटतें. पण तेंही दुसऱ्या जागेपुरतें फसवें आहे. समजा, सोळा मल्लांची स्पर्धा आहे आणि हरेल तो बाहेर, असा नियम आहे. शेवटीं जो उरला तो निःसंशय पहिला, कारण त्याला कोणी पाडलेलें नाहीं. अंतिम कुस्तींत हरला तो दुसरा, असें पत्रक सांगतें. पण पहिल्याच फेरींत ज्याची गांठ विजेत्याशीं पडली आणि जो थोडक्यांत हरला, तो त्या दुसऱ्यापेक्षां सरस नव्हता कशावरून? त्यांची आपसांत कुस्तीच झालेली नाहीं. म्हणजे असली स्पर्धा पहिला कोण हें सांगते. दुसरा कोण हें ती सांगत नाहीं, केवळ चिठ्ठ्या कशा निघाल्या तें सांगते.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेंत ही अडचण अधिकच स्पष्ट दिसते. १९६१ सालीं औरंगाबाद येथें दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी झाले. पुढें या स्पर्धेंत माती विभाग आणि गादी विभाग असे दोन भाग रूढ झाले, आणि दोन्ही विभागांचे विजेते चांदीच्या गदेसाठीं एकमेकांशीं लढतात. आतां एखाद्या वर्षीं राज्यांतील सर्वोत्तम दोघेही मल्ल गादीवरचेच असले तर काय होईल? त्यांतला एक विभागांतच गारद होणार, आणि मातीवरचा विजेता अंतिम कुस्ती हरून उपविजेता म्हणून नोंदला जाणार. नियमांत कांहीं खोट नाहीं, कोणावर अन्यायही नाहीं. मात्र त्या उपविजेत्या पदावरून "राज्यांतला दुसरा मल्ल हाच" असें अनुमान काढणें चूक आहे.

ऑलिंपिकच्या कुस्तींतही या दोषाची जाणीव ठेवून तोड काढली आहे. अंतिम लढतीपर्यंत पोंचलेल्या मल्लाकडून जे आधीं हरले, त्यांना पुन्हां लढण्याची संधी मिळते, आणि २००८ पासून प्रत्येक वजनगटांत दोन कांस्यपदकें दिलीं जातात. परंतु लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं ही तोड तिसऱ्या जागेपुरती आहे. रुपेरी पदक अजूनही अंतिम लढतींत हरणाऱ्यालाच मिळतें. दुसऱ्याचा प्रश्न जगानेंही सोडविलेला नाहीं.

जयाच्या मापाची दुसरी अडचण म्हणजे वजन आणि पद्धति. कोल्हापूरच्या तालमींनीं एका पिढींत तीन थोर मल्ल घडविले : श्रीपती खंचनाळे, गणपतराव आंदळकर आणि मारुती माने. खंचनाळे १९५९ सालीं पहिले हिंदकेसरी झाले, आंदळकर १९६० सालीं, आणि माने १९६४ सालीं. काळाच्या दृष्टीनें पहिले कोण तें उघड आहे. पण आंदळकर व माने यांत वरचढ कोण, यावर जुनी मंडळी तासन् तास बोलतात. १९६२ सालीं जकार्ता येथील आशियाई सामन्यांत दोघेही भारताकडून लढले. आंदळकरांनीं सर्वांत भारी वजनगटांत ग्रीको-रोमन पद्धतींत सुवर्णपदक मिळविलें आणि फ्रीस्टाइलमध्यें रौप्य. मान्यांनीं त्याखालच्या गटांत फ्रीस्टाइलमध्यें सुवर्ण मिळविलें आणि ग्रीको-रोमनमध्यें रौप्य. ग्रीको-रोमनमध्यें कमरेखालीं हात लावतां येत नाहीं. फ्रीस्टाइलमध्यें पट काढतां येतो. एक कमरेवरचा राजा, दुसरा मोकळ्या पकडीचा. पदकांच्या तराजूंत दोन्ही पारडीं समान राहतात. अशा ठिकाणीं "दुसरा कोण" असा हट्ट धरणें म्हणजे आंबा श्रेष्ठ कीं फणस, असें विचारणें होय. ज्याला उत्तर नाहीं असा प्रश्न ओळखतां येणें, हेंही ज्ञानच आहे.

आतां गर्दीचें माप. शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत खासबागेचें मैदान बांधविलें; तें १९१२ सालीं खुलें झालें. मध्यें गोल आखाडा आणि सभोंवार चढत गेलेली बैठक, त्यामुळें अगदीं मागच्या माणसालाही डाव दिसतो. अशा मैदानांत प्रेक्षक हा आपोआप पंच बनतो. डाव डोळ्यांदेखत होतो, पाठ टेकली कीं नाहीं हें हजारों डोळे पाहतात, आणि खोटी कुस्ती केली तर तीच गर्दी मल्लाची हुर्यो उडविते. म्हणून मातीवर गर्दीची आवड आणि मल्लाची योग्यता यांत फार अंतर पडत नाहीं.

दोरांच्या रिंगणांतील धंदेवाईक कुस्तीची गोष्ट निराळी. मुंबईंत ही कुस्ती लोकप्रिय झाली ती दारासिंग यांच्यामुळें. १९५४ सालीं त्यांनीं टायगर जोगिंदरसिंग यांना हरवून रुस्तुम-ए-हिंद हा किताब मिळविला, १९५९ सालीं कलकत्त्यास जॉर्ज गॉर्डिएन्को यांना हरवून राष्ट्रकुल विजेतेपद घेतलें, आणि १९६८ सालीं मुंबईंत अमेरिकेच्या लू थेझ यांच्यावर विजय मिळविला. ते पहिले, याविषयीं कोणाचें दुमत नव्हतें. पण त्यांच्या खालचा कोण? अंतिम कुस्तींत हरले म्हणून जोगिंदरसिंग म्हणावे, तर लोकांच्या तोंडीं नांव असे किंगकाँगचें. हा मूळचा हंगेरियन मल्ल, एमिल झाजा त्याचें खरें नांव. देहानें अवाढव्य, चेहऱ्यानें उग्र. त्याला दारासिंग यांनीं उचललेलें पाहावयास लोक दुरून येत. तिसरा दावा दारासिंग यांचे धाकटे बंधु रंधावा यांचा. रिंगणांतही नांव, चित्रपटांतही नांव. जयाच्या मापानें एक, गर्दीच्या मापानें दुसरा, घराण्याच्या व लौकिकाच्या मापानें तिसरा!

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. धंदेवाईक रिंगणांतील कुस्त्यांचे निकाल जगभर बहुधा आधीं ठरलेले असतात. १९८९ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढें अशा कुस्त्या भरविणाऱ्या एका मोठ्या कंपनीनें आपला व्यवसाय मनोरंजनाचा असल्याचें स्वतःच कबूल केलें. यावरून तेथील मल्लांना ताकद लागत नाहीं असें समजूं नये. दीडशें किलोंचा देह डोक्यावर उचलावयास खरीच ताकद लागते, आणि पडणाऱ्यालाही खराच मार बसतो. पण तेथें दुसरा कोण हें जय-पराजयावरून शोधणें व्यर्थ आहे. तेथें दुसरा तोच, ज्याच्यामुळें पहिल्याच्या कुस्तीचीं तिकिटें खपतात. नाटकांत खलनायक दुबळा असला तर नायकाचा पराक्रम फिका पडतो, तसेंच हें. या मापानें किंगकाँगचा दावा सर्वांत बळकट ठरतो, मग तो कितीही वेळां हरलेला असो. किंबहुना उत्तम रीतीनें हरणें, हेंच त्याचें काम होतें.

राहिलें कसाचें माप. याचें उत्तम उदाहरण म्हणजे गामा आणि त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष. १९१० सालीं दोघेही लंडनला गेले. गामानें अमेरिकेच्या डॉ. रोलरला पाडलें आणि पोलंडच्या झिबिस्कोला अडीच तासांहून अधिक काळ झुंजविलें. इमामबक्षानें स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला हरविलें. दोघे भाऊ किताबासाठीं एकमेकांपुढें उभे राहिले नाहींत. तरीही इमामबक्षाची दुसरी जागा जाणत्यांनीं मान्य केली, ती कशावरून? गामापुढें जावयाचें तर आधीं इमामबक्षाला पाडलें पाहिजे, असा लौकिक होता यावरून. तो दाराशीं उभा असे. दुसरा म्हणजे पहिल्याच्या दारावरचा पहारेकरी, ही व्याख्या मातीच्या कुस्तीला सर्वांत जवळची आहे.

तीन मापें झालीं. पण या तिहींच्याही पलीकडे एक गोष्ट राहते, आणि ती खाशाबा जाधव यांच्या उदाहरणानें कळते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावा आला. १९५२ सालीं हेलसिंकीस जावयास पैसे नव्हते, तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून रक्कम उभी केली. तेथें त्यांनीं कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरविलें. त्यानंतर एक दीर्घ लढत संपवून बाहेर येतात न येतात, तोंच त्यांना रशियाच्या मामेदबेकोव्हशीं लढावयास बोलाविण्यांत आलें. दोन कुस्त्यांमध्यें अर्धा तास विश्रांति मिळावयास हवी होती. पण तसें ठणकावून सांगणारा एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलें जातें. थकलेला मल्ल हरला. मामेदबेकोव्हला रौप्य मिळालें, जपानच्या इशीला सुवर्ण, आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारतानें जिंकलेलें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तसें दुसरें यावयास १९९६ साल उजाडावें लागलें. १९८४ सालीं खाशाबा वारले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर.

पत्रकांत ते तिसरे आहेत, आणि पत्रक बदलतां येत नाहीं. अर्धा तास विश्रांति मिळाली असती तर ते दुसरे आले असते, असेंही कोणी छातीठोकपणें म्हणूं नये. मात्र क्रमांकाच्या आंकड्यांत तो अर्धा तास दिसत नाहीं, गहाण पडलेलें घर दिसत नाहीं, आणि पाठीशीं उभा राहणारा माणूस नव्हता हेंही दिसत नाहीं. म्हणून वाद अवश्य करावा. कुस्तीवर बोलणारीं माणसें आहेत तोंवरच तालमींत दिवा लागेल. फक्त बोलण्याआधीं दोन गोष्टी कराव्या. आपण कोणतें माप हातीं घेतलें आहे तें आधीं सांगावें; जय, गर्दी कीं कस. आणि ज्याला खालच्या पायरीवर बसविलें त्याच्या वाट्याला कोणती परिस्थिति आली होती, याची चौकशी करावी. पहिल्याला हार घालावयास गांव लोटतो. दुसऱ्या-तिसऱ्याला न्याय मिळतो तो केवळ जाणत्या प्रेक्षकाकडून.