हानडॉर्फ : एका ग्रामनामाचा विचार

ग्रामनामाचा अर्थ केवळ व्युत्पत्तीवरून लावणें किती धोक्याचें असतें, याचें एक उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवितों. दक्षिण ऑस्ट्रेलियांत ॲडलेडनजीकच्या डोंगरांत हानडॉर्फ नांवाचें गांव आहे. जर्मन भाषेंत 'हान' म्हणजे कोंबडा व 'डॉर्फ' म्हणजे ग्राम. तेव्हां 'कुक्कुटग्राम' असा अर्थ सहज निघतो. पण तो खरा नव्हे.

प्रशियाच्या राजानें लादलेली नवी उपासनापद्धति न मानणारे कांहीं लूथरपंथी लोक देशत्याग करून 'झेब्रा' जहाजानें १८३८ च्या डिसेंबरांत तेथें पोंचले. जहाजाचा कप्तान डिर्क हान यानें खटपट करून त्यांस जमीन मिळवून दिली. १८३९ सालीं वसविलेल्या गांवास त्यांनीं कृतज्ञतेनें त्याचेंच नांव दिलें. हानानें स्वतः लिहून ठेविलेलें प्रवासवृत्तही उपलब्ध आहे. ही भूमि मुळांत पेरामांक लोकांची. ते या स्थळास बुकार्टिला म्हणत.

पुढें पहिल्या महायुद्धांत जर्मन नांवें अप्रिय झालीं. १९१७ च्या कायद्यान्वयें त्या प्रांतांतील ६९ स्थलनामें बदललीं, व हानडॉर्फचें ॲम्बलसाइड झालें. मूळ नांव १९३५ सालीं परत मिळालें.

याप्रमाणें एकाच स्थळाचीं तीन नांवें झालीं. बुकार्टिला किंवा ॲम्बलसाइड असें नांव असलेला कागद अन्य गांवचा समजून दूर सारल्यास हानडॉर्फच्या इतिहासाचा एक भागच गळेल. म्हणून संग्राहकांनीं प्रत्येक गांवचीं सर्व नांवें, त्यांच्या सालांसह, आपल्या सूचींत नोंदवावीं, अशी आमची विनंति आहे.