एडविन स्टँटन : लिंकन यांचे युद्धमंत्री

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात अब्राहम लिंकन यांच्या मंत्रिमंडळात युद्धखाते सांभाळणारे एडविन स्टँटन मुळात वकील होते. १९ डिसेंबर १८१४ रोजी ओहायो राज्यातील स्ट्यूबेनव्हिल येथे त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर होते. १८२७ मध्ये ते वारले आणि एडविनना शाळा सोडून पुस्तकांच्या दुकानात नोकरी धरावी लागली. पुढे केन्यन महाविद्यालयातील शिक्षणही पैशाअभावी अर्धवट राहिले. तरीही कायद्याचा अभ्यास पुरा करून त्यांनी वकिली सुरू केली. १८४१ ते १८४६ या काळात मुलगी, पत्नी आणि भाऊ असे तिघे गेले. मुळातला करारी स्वभाव त्यानंतर अधिकच कठोर झाला.

व्हीलिंग येथील ओहायो नदीवरच्या झुलत्या पुलाच्या दाव्याने त्यांचे नाव देशभर झाले. हा पूल बुटका असल्याने उंच धुराड्यांच्या आगबोटींना अडथळा होतो, ही पेनसिल्व्हेनिया राज्याची तक्रार त्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली. १८५२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. काँग्रेसने मात्र कायदा करून पूल वाचवला. १८५५ मध्ये कापणीयंत्राच्या पेटंटच्या खटल्यात लिंकन त्यांचे सहकारी वकील होते. स्टँटन यांनी त्यांना तुच्छ लेखून बाजूला ठेवले. १८५९ मध्ये पत्नीच्या प्रियकराचा खून करणारे काँग्रेस सदस्य डॅनियल सिकल्स यांच्या बचावपथकात ते होते. आरोपीला क्षणिक वेडाचा झटका आला होता, हा बचाव ज्यूरीने मान्य केला.

डिसेंबर १८६० मध्ये अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी त्यांना ॲटर्नी जनरल नेमले. दक्षिणेकडील राज्ये फुटून निघत असताना सम्टर किल्ला सोडू नये, असा त्यांचा आग्रह होता. जानेवारी १८६२ मध्ये लिंकन यांनी जुना अपमान विसरून या विरोधी पक्षातल्या माणसाकडे युद्धखाते सोपवले.

खात्यातील ठेकेदारीच्या गैरव्यवहारांना त्यांनी आळा घातला आणि रेल्वे व तारयंत्र लष्करासाठी राबवले. सप्टेंबर १८६३ मध्ये सुमारे २० हजार सैनिक रेल्वेने व्हर्जिनियाहून टेनेसीच्या आघाडीकडे जवळजवळ दोन आठवड्यांत हलवण्यात आले. लिंकन युद्धाच्या बातम्या वाचायला युद्धखात्याच्या तारघरात वारंवार येत. कृष्णवर्णीयांच्या सैन्यभरतीसाठी १८६३ मध्ये स्वतंत्र विभाग स्थापन झाला. वृत्तपत्रांवरील नियंत्रण आणि खटला न चालवता केलेल्या अटका यांमुळे स्टँटन यांच्यावर टीकाही झाली.

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. ते मृत्युशय्येवर असताना शेजारच्या खोलीत बसून स्टँटन यांनी साक्षी घेतल्या, हुकूम सोडले आणि मारेकऱ्याचा शोध सुरू केला. कटातील आरोपींवर नंतर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि चौघांना फाशी झाली.

नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन पराभूत दक्षिणेला सवलती देऊ पाहत होते. मुक्त झालेल्या गुलामांना लष्कराचे संरक्षण हवे, असे स्टँटन यांचे मत होते. अशा मंत्र्यांना सिनेटच्या संमतीवाचून काढता येऊ नये, म्हणून काँग्रेसने १८६७ मध्ये पदावधी कायदा केला. तरीही २१ फेब्रुवारी १८६८ रोजी जॉन्सन यांनी त्यांना बडतर्फ केले. स्टँटन यांनी कचेरी सोडली नाही. तिथेच तळ ठोकला. तीन दिवसांत प्रतिनिधिगृहाने अध्यक्षांवर महाभियोग आणला. सिनेटमध्ये दोषी ठरवण्यासाठी ३६ मते हवी होती, ३५ पडली. निकाल लागताच २६ मे रोजी स्टँटन यांनी पद सोडले.

अध्यक्ष ग्रँट यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमले आणि २० डिसेंबर १८६९ रोजी सिनेटने मान्यता दिली. परंतु लहानपणापासून सोबतीला असलेल्या दम्याने २४ डिसेंबरला त्यांचा बळी घेतला. त्या पदावर बसणे झालेच नाही. पदावधी कायदा १८८७ मध्ये रद्द झाला. असा कायदा राज्यघटनेशी विसंगत होता, असे सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात नमूद केले.