गारव्यातली मुभा

बाळ जन्मलं, पण रडलं नाही. वार आधीच सुटली, नाळ दाबली गेली किंवा गर्भाशयच फाटलं, की बाळाच्या मेंदूचा प्राणवायू तुटतो. डॉक्टर मास्क लावून श्वास देतात, ठोके सावरतात, अंगावर रंग येतो. सगळ्यांना वाटतं, निभावलं.

मेंदू मात्र इथेच चकवतो. १९८०च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ऑस्मंड रेनल्ड्स यांच्या गटाने अशा बाळांच्या मेंदूतली फॉस्फरसची संयुगं, म्हणजे पेशींची ऊर्जा, चुंबकीय यंत्राने बाहेरूनच मोजली. सुरुवातीला ऊर्जा चक्क पूर्ववत दिसे. मग काही तासांनी ती पुन्हा ढासळू लागे, तीही प्राणवायू आणि रक्तपुरवठा सुरळीत असताना! गुदमरलेल्या पेशींतून ग्लुटामेट सांडतं, कॅल्शियम आत घुसतं, दाह पेटतो. आणि कित्येक पेशी या दुसऱ्या फेरीत मरतात.

म्हणजे मधे काही तासांची मुभा आहे. तिचा उपयोग करायचा उपाय इतका साधा, की ऐकून शंकाच यावी: बाळाला गार करायचं. ऑकलंडमध्ये अ‍ॅलिस्टर गन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली मेंढीच्या गर्भांवर ते करून दाखवलं. आपल्याकडे तान्ह्याला दुपट्यात घट्ट गुंडाळायची रीत. इथे ते उघडंच, गार पाणी खेळणाऱ्या गादीवर. गुदद्वारात बारीक प्रोब, पडद्यावर आकडा ३३.५ अंश सेल्सिअस. सुरुवात जन्मानंतर सहा तासांच्या आत, मुक्काम ७२ तास. नंतरची ऊबही जपून द्यायची, तासाला जेमतेम अर्धा अंश. अमेरिकेतल्या २००५च्या चाचणीत मृत्यू किंवा मध्यम-तीव्र अपंगत्वाचं प्रमाण ६२ टक्क्यांवरून ४४वर आलं.

आता आपल्याकडचं कोडं. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात ४०८ बाळांवर ‘हेलिक्स’ चाचणी झाली. मुंबईचं सायन रुग्णालयही तिच्यात होतं. यंत्रं चांगली, तापमान तेच. २०२१ साली निकाल आला: गार केलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. एका ठिकाणी तारणारा गारवा दुसरीकडे घातक! संशोधकांचा एक तर्क असा, की इथे अनेक बाळांना इजा जन्माच्या क्षणी एकदम होत नाही. लांबलेल्या कळांमध्ये ती तासन्‌तास, थोडीथोडी होत राहते. मला तो पटतो. तसं असेल तर मुभेचे तास बाळ बाहेर येण्याआधीच उलटून गेलेले असतात, आणि त्याला वाचवायचं काम प्रसूतिगृहातच, कळा सोसणाऱ्या आईच्या पोटाला डॉपलर लावून ठोके ऐकणाऱ्या नर्सपासून सुरू होतं.