समुद्रावर इंजिन बंद पडले तर?

खिडकीतून खाली नुसता समुद्र दिसू लागला की अनेकांच्या पोटात गोळा येतो. इथे इंजिन बंद पडले तर?

दोनपैकी एक इंजिन बंद पडले तरी विमान दुसऱ्याच्या जोरावर उडत राहते. फक्त उंची आणि वेग कमी करावा लागतो. पूर्वी अमेरिकेत अशा विमानांना विमानतळापासून ६० मिनिटांपेक्षा दूर जाता येत नसे. इंजिने भरवशाची झाली, तशी १९८५ मध्ये १२० मिनिटांची परवानगी मिळाली. देखभालीचे नियमही कडक झाले. दोन्ही इंजिनांवर तेच काम एकाच तंत्रज्ञाने करणे टाळतात, म्हणजे एकाची चूक दोन्हीकडे होत नाही.

खरी भीती आहे ती दोन्ही इंजिने एकाच कारणाने बंद पडण्याची. २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या विमानात तसेच घडले. उजव्या इंजिनात न जुळणारा भाग बसवल्याने इंधनाची नळी घासून फुटली. गळती वेळीच ओळखली गेली नाही आणि वैमानिकांनी डावीकडचे इंधनही तिकडे वळवले. अटलांटिकवर दोन्ही इंजिने थांबली. पण विमान दगडासारखे कोसळले नाही. सुमारे १९ मिनिटे ते हवेत तरंगत गेले आणि अझोर्समधील लाजेसच्या धावपट्टीवर उतरले. सर्व ३०६ जण वाचले.

आपल्या हाती एवढेच : सुरक्षा सूचना ऐका. पाण्यावर उतरण्याची वेळ आली, तर जीवरक्षक जाकीट विमानातच फुगवू नका. पाणी आत शिरल्यास ते तुम्हाला छताशी अडकवते. दाराबाहेर पडतानाच फुगवा.