नळी बदलायची, पण काडतूस कोणते?

रायफलीचा लाकडी कुंदा नीट जपला तर शंभर वर्षे टिकतो. बोल्टही टिकतो. नळी मात्र झिजते. नळीच्या आत पीळ दिलेल्या खाचा असतात, त्यांना रायफलिंग म्हणतात. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि म्हणून सरळ जाते. खाचा गंजल्या किंवा झिजल्या की गोळी डगमगते, आणि मग नेम धरणारा कितीही चांगला असला तरी कागदावरची भोके पसरतात. अशा वेळी नवी नळी बसवावी लागते. आणि नळी नवीनच घालायची आहे तर जुन्याच काडतुसाची का, जास्त ताकदीच्या काडतुसाची का नको, असा प्रश्न लगेच येतो.

आमच्या घरात हा प्रश्न गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आला. आमचे घर तिरुविसनल्लूरला, कुंभकोणमजवळ. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांनी हे गाव विद्वानांना इनाम दिले, म्हणून त्याला शहाजीराजपुरम असेही म्हणत. आम्ही तंजावरकडचे मराठी. आमची घरची बोली ऐकून वसतिगृहातली पुण्याची मुले हसतात, पण तो विषय वेगळा. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ वालपारैजवळच्या चहामळ्यात नोकरीला होते. तिथे त्यांनी परवाना काढून .३१५ बोअरची रायफल घेतली होती. ते वारले तेव्हा रायफल कायद्याप्रमाणे जमा करावी लागली. आता वारस म्हणून आजोबांनी परवान्याचा अर्ज करायचा होता. रायफल तपासली तर बाकी सर्व ठीक, नळी आतून खाल्लेली. दुरुस्त करायची की सरकारजमा करून मोकळे व्हायचे, हे ठरवायचे होते. थोरल्या आजोबांची तेवढीच एक वस्तू आमच्याकडे उरली आहे, म्हणून आजोबांना ती सोडवत नव्हती.

नळी खाल्ली कशी, ते आधी सांगतो, कारण आपल्या सर्वांच्या कामाचे आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळले की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरते. हे मिठासारखेच एक मीठ आहे, ते हवेतला ओलावा ओढते आणि लोखंड गंजते. तेलाने हे मीठ विरघळत नाही, पाण्याने विरघळते. म्हणून जुने उस्ताद .३०३ मधून फायरिंग झाल्यावर आधी नळीत उकळते पाणी ओतायचे, मग पुल-थ्रूने चिंधी ओढायची आणि शेवटी तेल द्यायचे. चहामळ्यातल्या पावसात आणि नंतर कावेरीकाठच्या दमट हवेत नुसते तेल पुरले नसणार.

आता काडतुसाकडे येऊ. घरात तीन मते होती. आजोबा म्हणत, .३१५ आहे ती .३१५ च राहू द्या. मामांचे म्हणणे, .३०-०६ घ्या, जगभर चालणारे काडतूस आहे. आणि माझा चुलतभाऊ म्हणे की सैन्याचे ७.६२ सर्वांत उत्तम. मी शाळेत वाचलेले, उस्तादांना विचारलेले आणि घरी पट्टी घेऊन मोजलेले असे सगळे एकत्र करून हा लेख लिहीत आहे.

.३१५ हे नाव भारतीय आहे, काडतूस मात्र ऑस्ट्रियाचे. त्याचे मूळ नाव ८×५० आर मान्लिखर. पहिला आकडा गोळीच्या बोअरचा, दुसरा पितळी केसच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ‘आर’ म्हणजे केसच्या बुडाला बाहेर आलेली कड आहे. ऑस्ट्रियाच्या सैन्याचे काडतूस आपल्या चहामळ्यात कसे आले? उत्तर कायद्यात आहे. इंग्रज सरकारला भीती होती की सैन्याचे काडतूस सामान्य माणसाच्या बंदुकीत बसले तर चोरलेला दारूगोळा बंडखोरांच्या कामी येईल. म्हणून .३०३ नागरिकांना बंद. हीच भीती शिकारी रायफलींनाही भोवली. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीचे बोअर .४५० होते, आणि १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरवरच बंदी आली. तोपर्यंत .४५० नायट्रो एक्सप्रेस हे हत्ती-वाघाच्या शिकारीचे नावाजलेले काडतूस होते. लंडनच्या बंदूक-कारागिरांनी मग .४७०, .५००/४६५ अशी नवी काडतुसे काढली. ती काही .४५० पेक्षा भारी होती असे नाही. कायद्याच्या आकड्याबाहेर होती, एवढेच. त्याच १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना जी रिग्बी रायफल भेट मिळाली तिचे .२७५ काडतूस म्हणजे मुळात जर्मन माउझरचे ७×५७. तेही ब्रिटिश सैन्याचे नव्हते.

म्हणजे पहिली चाळणी कायद्याची. आजही आपल्याकडे ‘प्रतिबंधित बोअर’ आणि ‘अप्रतिबंधित बोअर’ असे दोन भाग आहेत. .३०३ आणि ७.६२ पहिल्यात येतात, .३१५ आणि .३०-०६ दुसऱ्यात. परवान्यावर बोअर लिहिलेला असतो. शस्त्र कायदा, १९५९ नुसार बंदुकीत असा बदल परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावा लागतो. चुलतभावाचे ७.६२ इथेच बाद झाले. तो काही वेळ रुसला होता.

पण समजा कायदा आड नसता, तरी ७.६२ बसले असते का? याचे उत्तर आपल्याच देशात आहे आणि मला ते या सगळ्या विषयातले सर्वांत आवडलेले आहे. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात ली-एनफिल्ड .३०३ बनत असे. आमची .३१५ त्याच घराण्यातली, त्याच कारखान्याची. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्य ७.६२×५१ काडतुसाकडे वळत होते आणि रायफली कमी पडत होत्या. तेव्हा ईशापूरने ओळखीच्या ली-एनफिल्डलाच ७.६२ मध्ये आणले. तिचे नाव रायफल २ए, आणि पुढे २ए१.

आता फरक पाहा. .३०३ साठी युरोपातल्या मापदंडाने ठरवलेला जास्तीत जास्त दाब ३६५ मेगापास्कल आहे, ७.६२ साठी ४१५. म्हणजे सुमारे एक सप्तमांश जास्त. ४१५ मेगापास्कल म्हणजे एक चौरस सेंटिमीटरवर, साधारण नखाएवढ्या जागेवर, चार टनांहून अधिक भार. हा भार मागे बोल्टवर येतो. माउझरच्या बोल्टला धरून ठेवणारे कान पुढे, चेंबरला लागून असतात. ली-एनफिल्डमध्ये ते मागच्या बाजूला असतात. त्यामुळे गोळी सुटताना लांब बोल्ट किंचित दाबला जातो आणि बॉडी किंचित ताणली जाते. .३०३ च्या दाबाला ते चालते. म्हणून ईशापूरने जुन्या रायफली घेऊन फक्त नळ्या बदलल्या नाहीत. जास्त मजबूत पोलादाच्या नव्या बॉडी बनवल्या. .३०३ ला कड असते, ७.६२ ला बाहेर आलेली कड नाही, म्हणून काडतूस बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर बदलला. मॅगझिनही बदलले. २ए१ चे मॅगझिन चौकोनी डब्यासारखे दिसते, त्यावरून ती लांबूनही ओळखू येते. शिवाय २ए वरची २००० पर्यंतची साइट २ए१ मध्ये ८०० मीटरवर आणली, हे मला फार शहाणपणाचे वाटते, कारण उघड्या साइटने दोन हजारांवर कोण काय मारणार?

कडेचा मुद्दा थोडा अजून सांगतो, कारण माझ्या वर्गातल्या बहुतेकांना तो माहीत नव्हता. काडतूस चेंबरमध्ये किती आत जाऊन थांबायचे हे कोणीतरी ठरवावे लागते. कड असलेले काडतूस कडेवर थांबते. बिनकडेचे काडतूस केसच्या खांद्यावर, म्हणजे जिथे केस मानेकडे निमुळती होते तिथे थांबते. बोल्ट आणि ही थांबण्याची जागा यांतल्या अंतराला हेडस्पेस म्हणतात. ते जास्त झाले तर केस मागे ताणून फाटू शकते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. कमी झाले तर बोल्ट बंदच होत नाही. म्हणून नवी नळी बसवली की कारागीर पहिल्यांदा गेजने हेच अंतर तपासतो. हे काम घरी करायचे नाही.

आता मामांचे .३०-०६. हे काडतूस १९०६ सालचे, अमेरिकन सैन्याचे. कायद्याची चाळणी ते पार करते. ते अडते लांबीवर. पूर्ण काडतूस जवळजवळ ८५ मिलिमीटर लांब. .३०३ चे पूर्ण काडतूस ७८ मिलिमीटरचे, .३१५ त्याहूनही थोडे आखूड. ली-एनफिल्डची बॉडी आणि मॅगझिन त्या लांबीसाठी कापलेले असते. सात मिलिमीटर म्हणजे पेन्सिलीच्या जाडीएवढे, ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यासाठी मॅगझिन आणि बॉडी दोन्ही नवी लागतील. वर दाबही .३०३ पेक्षा जास्त, आणि त्याची केस बिनकडेची. सगळेच नवीन केले तर जुने उरले काय, कुंदा? मामांना मी कागदावर दोन काडतुसे खऱ्या मापात काढून दाखवली. त्यांनी कागद उलटा करून पाहिला आणि म्हणाले, “बरं, राहू दे तुझं.”

.३१५ मध्ये यातली एकही अडचण नाही. केस ५० मिलिमीटरची, .३०३ ची ५६. कड जवळपास .३०३ च्याच मापाची. दाब कमी. म्हणूनच ली-एनफिल्डच्या बॉडीवर हे काडतूस बसवणे ईशापूरला सोपे गेले. गोळी जड आणि सावकाश जाणारी आहे, लांबवरच्या नेमाला ती तितकी सपाट जात नाही हे खरे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद आहे. ही रायफल परवान्यावर स्वसंरक्षणासाठी आहे. तीनशे मीटरवर काय होते याची चौकशी आमच्या घरात कोणी करणार नाही. दारूगोळा आपल्याच देशात, पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनतो. जे काडतूस दुकानात मिळत नाही त्याची रायफल म्हणजे जड काठी.

एकच गोष्ट मला खटकली आणि मी ती आजोबांना बोलून दाखवली. नळी बदलली तर ती थोरल्या आजोबांची रायफल राहील का? आजोबा म्हणाले, नंबर बॉडीवर आहे, तो तोच राहील. मग त्यांनी तिरुचिरापल्लीच्या परवानाधारक कारागिराला लिहायच्या पत्राचा मजकूर मला सांगितला आणि मी तो तमिळमध्ये लिहून घेतला. बोअरच्या रकान्यात .३१५ घातले. नळी बसल्यावर नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस झाडून तिची प्रूफ चाचणी व्हावी आणि तसा शिक्का उठवून मिळावा, असे शेवटच्या ओळीत आहे. परवान्याचा निर्णय येईपर्यंत रायफल जमाच राहणार आहे.