कार्बनची नवी जाळी आणि आपल्या बोअरचे पाणी

उन्हाळा लागला की आपल्या बालाघाटच्या माथ्यावरील विहिरी तळ गाठतात आणि सारी मदार बोअरवर येते. बोअर जितके खोल, तितके पाणी खडकात अधिक काळ मुरलेले, आणि म्हणून बहुधा अधिक क्षारयुक्त. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याला पांढरे किटण धरते. मग लिंबागणेशच्या माझ्या दवाखान्यात औषधाची चिठ्ठी घेऊन उठता उठता कोणीतरी विचारतो, "डॉक्टरसाहेब, ते कार्बनचं, ग्राफीनचं नवं फिल्टर निघालंय म्हणतेत. घ्यावं का?"

प्रश्न चांगला आहे. यामागचे संशोधन खरे आहे. परंतु रोग ओळखल्याशिवाय औषध देऊ नये, हा नियम पाण्यालाही लागू पडतो.

क्षार वेगळे, जंतू वेगळे

पाण्याचे दोष मुख्यतः दोन प्रकारचे. एक जंतूंचा. जुलाब, कावीळ, विषमज्वर हे त्याचे परिणाम. दुसरा विरघळलेल्या क्षारांचा. पाणी निर्मळ दिसले म्हणून ते निर्जंतुक असते असे नाही, आणि मचूळ लागले म्हणून त्यात जंतू असतातच असेही नाही.

क्षारांतही भेद आहे. पाणी जड करणारे कॅल्शियम व मॅग्नेशियम चवीला व भांड्यांना त्रास देतात, शरीराला सहसा नाही. "बोअरच्या पाण्यानं मुतखडा झाला" असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. प्रत्यक्षात उन्हातान्हात राबताना पाणी कमी पिणे आणि त्यामुळे लघवी दाट होणे हे मुतखड्याचे फार मोठे कारण आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बंधूभगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. याउलट फ्लोराईडला चव नाही, वास नाही. पण ते जास्त असेल तर मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि वर्षानुवर्षे प्यायल्यास हाडे व सांधे ताठरतात. नायट्रेट जास्त असलेले पाणी बाटलीच्या दुधात मिसळले तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते.

आर.ओ. चालते कसे?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळाने पाणी सुटते. पाण्याची ओढ मिठाकडे असते, म्हणून ते फोडीतून बाहेर येते. आर.ओ. यंत्रात याच्या उलट करतात. पंपाने दाब देऊन खाऱ्या पाण्यातील पाणी एका पातळ पडद्यातून ढकलतात. क्षार अलीकडेच राहतात. असा उपयोगी पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी तयार केला. आज घरोघरच्या यंत्रांतील पडदा पॉलिअमाईडचा, म्हणजे नायलॉनच्या गोत्रातला असतो.

या पडद्याच्या अडचणी तीन. पाणी ढकलायला दाब, म्हणजे वीज लागते. त्यावर क्षारांचा व जंतूंचा थर साचतो. आणि क्लोरीनने तो खराब होतो, म्हणून त्याच्या आधी कोळशाची कांडी बसवतात. ही कांडी क्लोरीन व वास शोषून घेते, क्षार मात्र काढत नाही. तेव्हा नुसते "कार्बन फिल्टर" हे शब्द वाचून पाणी गोड होईल असे समजू नये.

नवा कार्बन म्हणजे काय?

कोळसा, हिरा आणि पेन्सिलीतील ग्राफाईट ही सारी कार्बनचीच रूपे. ग्राफाईट म्हणजे एकावर एक रचलेले असंख्य पापुद्रे. त्यांतला एकच, अणूएवढ्या जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. तो मँचेस्टर विद्यापीठात २००४ साली वेगळा काढण्यात आला आणि त्याबद्दल २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. हाच पापुद्रा गुंडाळून पुंगळी केली की होते कार्बनची सूक्ष्मनलिका.

हे माप किती बारीक? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. पोलिओचा विषाणू सुमारे ३० नॅनोमीटरचा, पाण्याचा रेणू जेमतेम पाव नॅनोमीटरचा, आणि भोवती पाणी लपेटलेला मिठातील सोडियमचा कण सुमारे पाऊण नॅनोमीटरचा. या दोहोंच्या मधले छिद्र साधले, तर पाणी जाईल आणि मीठ अडेल.

२००४ साली बनारस हिंदू विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह सूक्ष्मनलिकांची गाळणी करून पाण्यातील जंतू व पोलिओचे विषाणू अडवून दाखवले. २००६ साली अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेत दिसले की या नलिकांच्या गुळगुळीत पोटातून पाणी अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने धावते. ग्राफीन ऑक्साईडचे पापुद्रे मात्र पाण्यात भिजले की फुगत आणि वाढलेल्या फटीतून मीठ निसटून जाई. २०१७ साली मँचेस्टरच्या चमूने ते दोन्ही बाजूंनी राळेत जखडून हे फुगणे रोखले. नेहमीच्या पॉलिअमाईडमध्येच थोडा कार्बन मिसळून पडदा अधिक टिकाऊ करण्याचा मधला मार्गही शोधला जात आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे गणित २०१४ साली एमआयटी या अमेरिकी संस्थेतील संशोधकांनी मांडले. पडद्यातून तिप्पट सहजतेने पाणी गेले, तर समुद्राचे पाणी गोडे करण्याची वीज सुमारे १५ टक्केच वाचेल. मचूळ पाण्याची मात्र सुमारे ४६ टक्के वाचू शकेल. म्हणजे या संशोधनाचा मोठा लाभ बंदरांपेक्षा आपल्यासारख्या बोअरवाल्या गावांना, आणि अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्याला होऊ शकतो.

अडते कुठे?

प्रयोगशाळेतला तुकडा नखाएवढा असतो. तो एकही भोक न पडता चादरीएवढा करणे आणि स्वस्तात विकणे कठीण आहे. शिवाय हे कण पडद्यातून सुटून पाण्यात येणार नाहीत याची खात्री हवी. एका प्रकारच्या कार्बन सूक्ष्मनलिका श्वासावाटे शरीरात गेल्यास कर्करोगकारक असण्याची शक्यता आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ च्या परीक्षणात नोंदवली. हा धोका मुख्यतः त्या हाताळणाऱ्या कामगारांचा. तरी पिण्याच्या पाण्याच्या बाबतीतही पारख झालीच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. कोणतीही जाळी क्षार नाहीसे करीत नाही, ते दुसऱ्या नळीने बाहेर सोडते. घरगुती यंत्रात एक लिटर गोड पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी सहज वाया जाते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात हा हिशेब विसरता येत नाही. जाळी पाणी गाळते, निर्माण करीत नाही.

आज आपण काय करावे?

१. आधी पाणी तपासा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना कसा पाठवायचा ते ग्रामपंचायतीत विचारा. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर तपासणी व्हावी.

२. अहवाल वाचायला शिका. भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये विरघळलेले एकूण क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतात. फ्लोराईड १ पर्यंत असावे, दुसरा स्रोत नसल्यास १.५ पर्यंत चालते. नायट्रेट मात्र ४५ च्या वर नको.

३. क्षार ५०० च्या आत असतील आणि फ्लोराईड-नायट्रेट ठीक असेल, तर आर.ओ.ची गरज नाही. पाणी गाळून उकळा किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने सांगितल्याप्रमाणे मेडिक्लोर टाका. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विजेशिवाय चालणारी, जंतू अडवणारी गाळणीही विकसित केली आहे.

४. फ्लोराईड किंवा नायट्रेट जास्त असेल तर उकळून उपयोग नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहून उलट दाट होतात. तेथे दुसरा स्रोत किंवा आर.ओ. हा उपाय.

५. विक्रेता दोन सळया बुडवून बोअरचे पाणी तांबूस-काळे करून दाखवतो, त्याला भुलू नका. क्षारांच्या पाण्यातून वीज वाहते आणि सळईचे लोखंडच झिजून पाण्यात उतरते. तो रंग घाणीचा नसतो.

६. आर.ओ.च्या पाण्यात क्लोरीनचे संरक्षण उरत नाही. जार, माठ, टाकी अस्वच्छ असेल तर जंतू त्यात सुखाने वाढतात. जार धुतलेला असावा, माठ झाकलेला असावा आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे.

७. यंत्रातून वाया जाणारे पाणी बादलीत धरून फरशी व संडास धुण्यासाठी वापरा. गावच्या प्रकल्पाचे असे पाणी बोअरजवळ मुरवू नका; तेच क्षार फिरून आपल्या पाण्यात येतील.

ग्राफीनची जाळी उद्या आपल्या गावातही येईल. तिचे स्वागतच करू. तोवर नावाला भुलून पाच आकडी रक्कम मोजण्याआधी बाटलीभर पाणी तपासून घ्या. अहवाल हाती आला की तो घेऊन डॉक्टरांकडे या, मग यंत्राचे ठरवू.